कॅनन १५००डी: भाच्याकडून घेतलेला सेकंडहँड कॅमेरा, दीड वर्ष वापरल्यानंतर

मागच्या वर्षी अक्षय तृतीयेच्या आसपास माझ्या भाच्याने नवा मिररलेस (आत आरसा नसलेला, नव्या पद्धतीचा कॅमेरा) घेतला आणि त्याचा जुना कॅनन ईओएस १५००डी, १८-५५ च्या किट लेन्ससोबत (कॅमेऱ्याबरोबरच येते ती), मी त्याच्याकडून २२ हजारांत घेतला. घरातल्या घरात व्यवहार कशाला म्हणून तो पैसे घ्यायलाच तयार नव्हता, पण फुकटची वस्तू कपाटात पडून राहते हे मला माहीत आहे, पैसे मोजले की माणूस ती वापरतो. तर दीड वर्ष वापरला, आठवड्यातून निदान दोनदा तरी हातात घेतलाच, आणि आता लिहायला बसलेय, कारण ज्यांना फोटोग्राफी शिकायचीय आणि कोणता कॅमेरा घ्यावा यातच सहा महिने जातायत अशा दोन-तीन जणींनी ऑफिसात विचारलं आणि प्रत्येकीला तेच तेच सांगून राहिली होते.

आधी मला कशाला हवा होता ते सांगते, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. माझं माहेर काटोलकडचं, संत्र्याचा बगीचा आहे, बाबा ऐंशीच्या जवळ आलेत आणि अजून रोज झाडांतून फिरतात. त्यांचे, बगीच्याचे, आंबिया बहाराच्या फुलांचे, तोडणीच्या वेळी येणाऱ्या बायांचे नीट फोटो माझ्याकडे असावेत एवढंच मनात होतं. मोबाईलने काढायचे तर बाबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मोबाईल आपल्या मनानेच पुसून टाकायचा. मला त्या सुरकुत्या हव्या होत्या.

हा कॅमेरा २०१८ सालचा. २४.१ मेगापिक्सेल, एपीएस-सी म्हणजे लहान मापाचा सेन्सर (फोटो टिपणारा भाग), आत आरसा असलेला डीएसएलआर. आपल्याकडे १५००डी, युरोपात २०००डी आणि अमेरिकेत रेबेल टी७, वस्तू एकच. हे लक्षात ठेवा, कारण शिकण्याचे व्हिडिओ शोधताना तिन्ही नावं टाकली तर तिप्पट सापडतात, मला हे चार महिन्यांनी कळलं.

सेकंडहँड घेणार असाल तर पैसे देण्याआधी काय बघायचं ते भाच्याने स्वतःच माझ्यासमोर करून दाखवलं, स्वतःची वस्तू विकत असताना. लेन्स काढून मोबाईलच्या टॉर्चसमोर धरायची आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का बघायचं, ती बुरशी असते आणि आपल्याकडे पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती लागते. मग एफ/१६ ला, म्हणजे छिद्र बारीक ठेवून (हे पुढे सांगते), मोकळ्या आभाळाचा फोटो काढायचा, सेन्सरवर धूळ असली की आभाळात काळपट ठिपके दिसतात. या मॉडेलला सेन्सर आपोआप साफ होण्याची सोय नाही, त्यामुळे हे बघाच. आणि तिसरं, किट लेन्सवर आयएस ही अक्षरं आहेत की नाही ते वाचायचं. १८-५५ नावाच्या दोन लेन्सा फिरतात, एकीत हात हलला तर सांभाळून घ्यायची सोय असते आणि एकीत नसते, बाहेरून जवळपास सारख्याच दिसतात. आयएसवालीच घ्या.

आता खरी गोष्ट. पहिला महिना मी काहीच शिकले नाही. वरच्या गोल चाकावर हिरव्या चौकोनात ए प्लस असतं, ते लावलं की कॅमेरा सगळं स्वतः ठरवतो, जरा अंधार झाला की न विचारता फ्लॅश उघडतो. मे महिना, नागपूरचं ऊन, सकाळी आठलाच सगळं पांढरं फटक, मी अंबाझरीला, फुटाळ्याला तलावावर जाऊन शे-दोनशे फोटो काढून यायचे आणि घरी येऊन बघितले की मोबाईलपेक्षा काही वेगळे नाहीत. भाचा पुण्याला असतो, फोनवर म्हणाला, "मावशी, तू आधी त्या हिरव्यातून बाहेर ये, नाहीतर मला परत दे." मला राग आला होता पण बरोबर होतं त्याचं.

त्याने मला एव्हीवर ठेवलं. एव्ही म्हणजे छिद्र किती उघडायचं ते आपण सांगायचं आणि शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा बघतो. आणि इथे सगळे नवीन लोक अडकतात तिथेच मी अडकले, आकडा लहान तर छिद्र मोठं, आकडा मोठा तर छिद्र लहान. एफ/४ मोठं, एफ/१६ बारीक. कारण हा आकडा भागाकारातला आहे, लेन्सच्या फोकल लेंग्थला (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा) त्या आकड्याने भागायचं, ५० ला २ ने भागलं तर २५ मिलिमीटरचं छिद्र, १० ने भागलं तर ५ मिलिमीटरचं. हे एकदा वहीत लिहून काढल्यावर डोक्यात बसलं आणि पुन्हा कधी उलटं झालं नाही. व्हिडिओंत "उलटं असतं, लक्षात ठेवा" एवढंच सांगतात, काऊन उलटं ते सांगत नाहीत.

मला हे सगळं स्वयंपाकघरातूनच समजलं. गॅस मोठा करून दूध पाच मिनिटांत तापवा की बारीक गॅसवर अर्धा तास ठेवा, तापतं दोन्हीकडे, पण बारीक गॅसवर आटत गेलेल्या दुधाची चव वेगळी. फोटोचं तसंच आहे, छिद्र मोठं आणि वेळ कमी, किंवा छिद्र लहान आणि वेळ जास्त, उजेड तेवढाच आत येतो पण फोटो वेगवेगळे निघतात. मोठ्या छिद्राने मागचं सगळं पुसट होतं, लहान छिद्राने समोरच्या फांदीपासून मागच्या विहिरीपर्यंत सगळं स्पष्ट येतं. वेळ कमी ठेवला तर धावणारं पोट्टं जागच्या जागी थांबतं, जास्त ठेवला तर त्याची रेघ होते. आणि तिसरं आयएसओ, आत आलेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो ते, म्हणजे जुन्या रेडिओचा आवाज. आकाशवाणीचं स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाज वाढवायचो, गाणं मोठं व्हायचं आणि सोबत खरखरही मोठी व्हायची. या कॅमेऱ्यात आयएसओ १०० पासून ६४०० पर्यंत आहे. माझ्या नजरेला १६०० पर्यंत छान, ३२०० ला चालतं, त्याच्या पुढे खरखर, म्हणजे फोटोत दाणे, दिसायला लागते.

उन्हाचा एक जुना हिशोब आहे, फिल्मच्या काळापासूनचा, तो नागपूरकरांनी पाठच करावा असा आहे. स्वच्छ कडक ऊन असलं की एफ/१६ ठेवायचं आणि शटर आयएसओएवढं, म्हणजे आयएसओ १०० तर सेकंदाचा शंभरावा भाग. मे महिन्यात मी झिरो माइलला गेले, चाक एमवर (यात सगळं आपणच ठरवायचं), हे तीन आकडे लावले आणि कॅमेऱ्याला काही न विचारता त्या दगडी खांबाचा आणि घोड्यांचा फोटो काढला. बरोब्बर आला! मग एक एक पायरी हलवत गेले, एफ/११ ला २०० वा भाग, एफ/८ ला ४०० वा, तिन्ही फोटोंत उजेड सारखाच. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला येतं. भर उन्हात कोणी असलं काही करत नाही, पण शिकायला ते ऊन फार उपयोगी पडलं कारण ते तासभर बदलतच नाही. एक सांगते, कंपनीने हा कॅमेरा ४० अंशांपर्यंत वापरायचा असं लिहिलंय आणि आपलं मे महिन्याचं तापमान ४५ च्या वर जातं, त्यामुळे दुपारी बंद कारमध्ये कॅमेरा ठेवून जाऊ नका. मी सुती पंच्यात गुंडाळून पिशवीत सोबत ठेवते.

यानंतरचा धडा दीक्षाभूमीचा. एका ढगाळ सकाळी, गर्दी नव्हती, स्तूपाचा तो पांढरा घुमट पूर्ण फ्रेमभर घेतला आणि तो राखाडी आला. तीनदा काढला, तिन्ही वेळा मळकट राखाडी. मला वाटलं कॅमेराच बिघडला. बिघडला नव्हता. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला पांढरं आणि काळं कळत नाही, समोर जे काही असेल ते सरासरी मधल्या राखाडीएवढं उजळ आणायचं एवढंच त्याला ठाऊक. म्हणून पांढऱ्याला तो मळवतो आणि काळ्याला फिकं करतो. उपाय अगदी सोपा, मागे एव्ही आणि अधिक-उणेचं बटण आहे ते दाबून ठेवायचं आणि शटरच्या बटणाजवळचं छोटं चाक फिरवून अधिक एकवर न्यायचं. घुमट पांढरा झाला, आणि त्या पांढऱ्यात दगडांच्या जोडांच्या बारीक रेघाही दिसायला लागल्या.

याच्या अगदी उलट तान्ह्या पोळ्याला झालं. आपली नागपूरची मारबत, ईडा पीडा घेऊन जावी म्हणून मिरवत नेतात तो बाईचा मोठा पुतळा, माहीतच आहे सगळ्यांना, काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात, इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघी समोरासमोर येतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. काळी मारबत फ्रेमभर घेतली तर कॅमेऱ्याने ती फिकी, धुरकट केली, तिचा काळेपणाच गेला, आणि काळेपणा गेला तर मारबत काय राहिली! दीक्षाभूमी आठवली, उणे एक केलं. काळी काळी आली, डोळे आणि जीभ उठून आले. मागे सगळी गर्दी ओरडून राहिली होती, "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत" आणि माझे हात आनंदाने थरथरत होते. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलाय. पांढऱ्याला वाढवा, काळ्याला कमी करा, हे वाक्य मी आता कोणत्याही नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगते, ते पुस्तकात वाचून नाही समजत, एकदा स्तूप आणि एकदा मारबत काढून बघा.

त्याच गर्दीत कॅमेऱ्याची मर्यादाही कळली. सेकंदाला तीनच फोटो काढतो. नाचणारे बडगे (मारबतीसोबत निघणारे पुतळे), उडणारा गुलाल, अशा वेळी तीन म्हणजे कमी. फोकसचे नऊ बिंदू आहेत आणि त्यातला मधला एकच जास्त भरवशाचा, तो आडव्या आणि उभ्या दोन्ही रेघा पकडतो. म्हणून मी बाकीचे आठ बंद करून फक्त मधला ठेवलाय, डोळ्यावर फोकस धरायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं, मग फ्रेम हलवायची. नवीन कॅमेरे माणसाचा डोळा आपोआप शोधतात, व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायची खिडकी) बघताना याला ते जमत नाही. ज्यांना मुलांचे क्रिकेटचे सामने किंवा गोरेवाड्याला पक्षी काढायचेत त्यांनी मी कितीही कौतुक केलं तरी हा घेऊ नये.

हलण्यावरून आठवलं, सुरुवातीला माझे संध्याकाळचे निम्मे फोटो पुसट यायचे आणि मी दोष फोकसला द्यायचे. फोकस नव्हता चुकत, हात हलत होता. सेन्सर लहान असल्यामुळे या कॅमेऱ्यात लेन्सच्या आकड्याला १.६ ने गुणायचं असतं, ५५ चे ८८ होतात, म्हणजे शटर सेकंदाच्या ९० व्या भागापेक्षा हळू गेलं तर हात हलल्याचं दिसणार. आयएस सुरू असलं तर बरंच खाली जाता येतं, मी भिंतीला टेकून, श्वास रोखून १५ व्या भागापर्यंत जाते. पण आयएस फक्त आपला हात सांभाळतं, समोरचा माणूस हलला तर त्याला ते काही करू शकत नाही. फुटाळ्यावर संध्याकाळी धावणारी पोट्टी काढायची तर शटर ५०० व्या भागाला न्यायलाच हवं, मग आयएसओ वाढलं तरी वाढू द्यायचं. खरखरीचा फोटो चालतो, पुसट फोटो फेकायलाच लागतो.

आता बाबांचं. पावसाळा संपता संपता गेले होते तेव्हा काही झाडांची पानं पिवळी पडत होती, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जस्त किंवा लोह कमी पडलं की असं होतं, आणि बाबांना त्याचे फोटो सल्ल्यासाठी पाठवायचे होते. मी अगदी हौसेने जवळून काढले. बाबांनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, "हे पान असं नाही दिसत वं बाई. हे तं पिवळं पडून राहिलं, तू हिरवं दाखवून राहिली." मी पान शेजारी धरून बघितलं, खरंच. झाडाखाली सावलीत उजेड निळसर असतो आणि वरून पानांतून गाळून येतो तो हिरवट, माझे डोळे ते आपोआप दुरुस्त करत होते आणि कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवायची सोय, तिथे चुकत होता. बाबांच्या डोळ्यांनी साठ वर्षं ती पानं बघितलीयत, त्यांना फसवता येत नाही.

संध्याकाळी भाच्याला फोन लावला, त्याने सांगितलं ते असं. कोरा पांढरा कागद घ्यायचा, त्याच सावलीत ठेवायचा, फ्रेमभर त्याचा फोटो काढायचा, मग मेनूत कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये जाऊन तो फोटो निवडायचा आणि शेवटी व्हाइट बॅलन्सच्या बटणात जाऊन कस्टमचं चिन्ह लावायचं. ही शेवटची पायरी विसरली की आधीचं सगळं वाया, मी दोनदा विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन बगीच्यात गेले, पुन्हा फोटो काढले, बाबांना दाखवले. ते काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली आणि पुढच्या झाडाकडे बोट दाखवलं, की आता याचा काढ. त्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून चाळीसेक झाडं केली. इतकी वर्षं मी त्या बगीच्यात जातेय पण झाडाझाडाशी थांबून बाबांसोबत एवढा वेळ मी कधी काढला नव्हता.

संत्र्याचं अजून एक आहे. पिकलेलं संत्रं उन्हात काढलं की सालीवरची ती बारीक छिद्रं गायब होतात आणि नुसता केशरी गोळा उरतो. कारण लाल रंग आधीच भरून ओसंडतो. फोटो बघताना डिस्प्लेचं बटण दाबत गेलं की आलेख येतो, त्यात लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दिसतात, लाल उजव्या काठाला जाऊन आपटला असेल तर उणे अर्धं किंवा पाऊण करून पुन्हा काढायचा. मी आता स्क्रीनवरच्या फोटोपेक्षा आलेखावर जास्त विश्वास ठेवते, कारण उन्हात स्क्रीन धड दिसतच नाही. आणि जमलं तर रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. एक फाइल साधारण २५-३० एमबीची होते, कार्ड भरतं, पण रंगाची चूक नंतर सुधारता येते, आणि त्यासाठी कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, माझ्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं, हळू का होईना.

पानं जवळून काढायला किट लेन्सच चांगली, ती २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊ देते. या लेन्सला लोक नावं ठेवतात, प्लास्टिकची आहे, उजेड कमी घेते, ५५ वर एफ/५.६ च्या खाली येत नाही, सगळं खरं आहे. पण पहिले सहा महिने दुसरं काही घेऊ नका. १८ वर काय दिसतं, ३५ वर काय दिसतं, आपल्याला कुठे उभं राहायला आवडतं हे याच लेन्सने कळतं.

सहा महिन्यांनी मी ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम घेतली, आणि या रिव्ह्यूत पूर्ण मार्क द्यायचे तर मी तिला देईन. वजन फक्त १६० ग्रॅम. २०१५ ला आलेली लेन्स आहे आणि सेकंडहँडही भरपूर मिळते. बाबांचा मला हवा तो फोटो हिनेच आला. गोदामाच्या दारात, दार अर्धं उघडं, बाहेरचं ऊन जमिनीवर पडून वर उडालेलं, बाबा खाटेवर बसून सुतळीच्या गाठी सोडवत होते. एफ/१.८ ला पहिला काढला तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट, कारण मीटरभर अंतरावरून या छिद्राला जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर एवढंच स्पष्ट येतं. एफ/२.८ केलं, दोन्ही डोळे आले, सुरकुत्या आल्या, आणि मागची पोती पुसट होऊन नुसता मातकट रंग राहिला. फ्लॅश नाही, काही नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ५० ही या कॅमेऱ्यावर ८० सारखी दिसते, आपल्या फ्लॅटच्या खोलीत घरचे सगळे एका फोटोत घ्यायचे तर भिंतीला पाठ लागली तरी मावत नाहीत. त्यासाठी किटच लावा.

खरेदीबद्दल एक तक्रार. सीताबर्डीत एका दुकानात मी कार्ड घ्यायला गेले होते, दुकानाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसाने मला नवीन आहे हे ओळखून फिल्टर, हुड, हलका ट्रायपॉड, साफसफाईचा संच असं सगळं मिळून तीन हजारांचं बांधून दिलं. "मॅडम, फिल्टर नसेल तर लेन्स खराब होईल." तो साधा यूव्ही फिल्टर लावून दिवाळीला पणत्यांचे फोटो काढले तर प्रत्येक पणतीची एक हिरवट सावली फोटोत दुसऱ्या बाजूला तरंगत होती. लक्ष्मीपूजनाचे एकूणएक फोटो तसेच. ती दिवाळी काही परत येत नाही, अजून वाईट वाटतं मला त्याचं. फिल्टर काढल्यावर दुसऱ्या दिवशी सावल्या गायब. रात्री दिव्यांचे फोटो काढताना फिल्टर काढून ठेवा, आणि ट्रायपॉड घ्यायचा तर दुकानात त्यावर कॅमेरा लावून बघूनच घ्या, माझ्या त्या हलक्या ट्रायपॉडची मान लेन्सच्या वजनाने हळूहळू खाली झुकते. त्या सगळ्यातला फक्त धूळ उडवायचा हवेचा फुगा रोज उपयोगी पडतो. पावसाळ्यासाठी मी स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा घेतला, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, कॅमेरा आणि दोन्ही लेन्सा त्यात. दोन पावसाळे गेले, बुरशी नाही.

कॅमेऱ्यात जे नाही ते पटकन सांगते. स्क्रीन फिरत नाही आणि तिला टच नाही, खाली जमिनीलगतची फुलं काढायची तर आडवं पडावं लागतं. स्क्रीनवर बघून फोटो काढायला गेलं तर फोकस फार हळू, डोळा लावूनच काढायचा. व्हिडिओ फुल एचडीच आहे, फोर-के नाही, बाहेरचा माईक लावायला जागा नाही, त्यामुळे रील्स बनवणाऱ्यांनी इकडे बघूच नये. आकडे बदलायचं चाक एकच आहे, एम मोडमध्ये बटण दाबून धरूनच छिद्र बदलतं, सवय होते. वायफायने मोबाईलवर फोटो येतात, सावकाश. बॅटरी मात्र सोन्यासारखी, कंपनी ५०० फोटो म्हणते आणि माझ्या हातात तेवढे निघतातच, काटोलला दोन दिवस जाऊन येते तर चार्जर नेत नाही.

आणि हो, कंपनीचं लक्ष आता मिररलेसवरच आहे, नव्या लेन्सा आरएफ माऊंटच्या, म्हणजे मिररलेसलाच बसणाऱ्या, निघतात. बजेट असेल आणि सगळं नवंकोरंच घ्यायचं असेल तर २०२३ ला आलेले आर१०० किंवा आर५० हातात धरून बघा, आर५० मध्ये फिरणारी स्क्रीन आणि डोळा शोधणारा फोकस दोन्ही आहे. तरी मी जर आज पुन्हा सुरुवात केली तर पुन्हा हाच घेईन, जुना, घरातल्या माणसाकडून, आणि उरलेल्या पैशांत ती ५० ची लेन्स. पुढे मिररलेस घेतला तरी अडॅप्टर लावून ती त्यावर चालते, पैसे वाया जात नाहीत. या कॅमेऱ्याने मला चुका करू दिल्या आणि प्रत्येक चूक कुठून आली ते सापडण्याएवढा तो साधा आहे, महागड्या कॅमेऱ्याने त्यातल्या निम्म्या चुका माझ्याआधीच दुरुस्त केल्या असत्या आणि मला काही कळलंच नसतं. कॅमेऱ्याला ५ पैकी ४, ५० च्या लेन्सला ५ पैकी ५.

शेवटचं प्रिंटबद्दल, कारण हे कोणीच सांगत नाही. बाबांचा तो गोदामाच्या दारातला फोटो मी मोठा करून फ्रेम करायला दिला, लॅबवाल्याने विचारलं कोणता साइज, मी म्हटलं ८ बाय १०, तेवढीच फ्रेम घरात रिकामी होती. प्रिंट आली तर बाबांचे हातच कापलेले, सुतळीची गाठ अर्धी बाहेर. या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० चा, म्हणजे तीनास दोन, आणि ८ बाय १० चा कागद त्या मापात बसत नाही, दोन्ही टोकांकडून कापावंच लागतं. ४ बाय ६ बरोबर बसतो, ८ बाय १२ बरोबर बसतो, १२ बाय १८ ही बसतो. मी पुन्हा पैसे भरून ८ बाय १२ काढून घेतली आणि फ्रेम नवी करवली. आता काटोलला माजघरात लागलीय, दोन्ही हात आणि पूर्ण गाठ दिसते.